पेशीतल्या अ‍ॅक्टिनचा माग

पडद्यावर दिसताहेत त्या हिरव्या रेघा म्हणजे उंदराच्या एका पेशीतले अ‍ॅक्टिनचे तंतू. पेशीला आकार देणारं, काचेवर पाय रोवायला आणि पुढे सरकायला मदत करणारं हे प्रथिन. १९४२ साली हंगेरीतल्या सेगेद इथे ब्रुनो स्ट्राउब यांनी ते स्नायूंमधून वेगळं केलं. पुढे कळलं, की ते इतर पेशींतही भरपूर असतं. पण अख्ख्या पेशीत त्याची मांडणी कशी असते?

१९७४ साली एलायस लाझारिडिस आणि क्लाउस वेबर यांनी ती दाखवली. त्यांनी उंदराच्या पेशींतलं अ‍ॅक्टिन जेलवर वेगळं करून सशाला टोचलं, म्हणजे त्याला नेमकं ओळखून धरणारी प्रथिनं, अर्थात अँटिबॉडी, सशाच्या शरीरात तयार होतील. यात मोठी अडचण होती. बहुतेक प्राण्यांचं अ‍ॅक्टिन जवळजवळ सारखंच. मग सशाच्या शरीराला ते परकं वाटणार कसं? तरीही सशात अँटिबॉडी तयार झाल्या. आणि याच सारखेपणामुळे अ‍ॅक्टिनची चांगली अँटिबॉडी उंदरापासून माणसापर्यंत अनेकांच्या पेशींत चालते.

आता ही कव्हरस्लिप, म्हणजे पातळ काच, पाहा. तिच्यावर पेशी वाढल्या आहेत. फॉर्माल्डिहाइडने त्या आहेत तशा स्थिर केल्या. अँटिबॉडीचा रेणू मोठा, पेशीच्या पटलातून तो आत शिरत नाही. म्हणून थोडं डिटर्जंट घालून पटलाला भोकं पाडली. मग अल्ब्युमिन या प्रथिनाचं द्रावण, म्हणजे अँटिबॉडी भलत्याच जागी चिकटायला नको. त्यानंतर सशाची अँटिबॉडी. तासाभराने धुवायचं, नीट, घाई न करता. शेवटी शेळीत तयार केलेली, सशाची अँटिबॉडी ओळखणारी दुसरी अँटिबॉडी. तिला फ्लुरोसीन हे चमकणारं रंगद्रव्य जोडलेलं असतं. पहिल्या अँटिबॉडीच्या एकेका रेणूवर दुसरीचे अनेक रेणू बसतात, त्यामुळे उजेड वाढतो. निळा प्रकाश टाकला, की फ्लुरोसीन हिरवं चमकतं.

शेजारची ही चौकट काळी आहे. पेशी त्याच, धुणं तेच, दुसरी अँटिबॉडीही तीच. फक्त सशाची अँटिबॉडी घातलेली नाही. शोधनिबंधात या काळ्या चौकटीला बरेचदा कोपऱ्यात जागा मिळते. खरं तर ती हिरव्या चित्राएवढीच मोठी छापायला हवी. ही चौकट चमकली असती, तर शेळीची अँटिबॉडी वाटेल तिथे चिकटते आहे, असा अर्थ झाला असता.

पण सशाची अँटिबॉडी अ‍ॅक्टिनलाच धरते, हे या चौकटीवरून कळत नाही. त्यासाठी वेस्टर्न ब्लॉट. पेशींतली प्रथिनं आकारानुसार वेगळी करून कागदासारख्या पातळ पटलावर उतरवली, त्यावर तीच अँटिबॉडी सोडली. सुमारे ४२ किलोडाल्टनपाशी (हे रेणूच्या वजनाचं माप) ही एकच पट्टी उमटली. अ‍ॅक्टिनचं वजन तेवढंच. आणखी पट्ट्या उमटल्या असत्या, तर त्या कशाच्या हे कळेपर्यंत या अँटिबॉडीची बाटली बाजूला ठेवावी लागली असती.