चौऱ्याण्णववर अडकलेलं इंटरनेट

(घरच्या ब्रॉडबँडच्या वेगाविषयी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

माझ्या घरचं इंटरनेट दोन महिने ९४ वर अडकलं होतं. कनेक्शन ३०० मेगाबिटचं, आणि स्पीड टेस्ट लावली की ९४. सकाळी ९४, भर दुपारी ९४, मध्यरात्रीही ९४. मी कंपनीला फोन करत राहिले, ते मला राउटर बंद करून चालू करायला सांगत राहिले. अर्धं आयुष्य नेटवर्कच्या कामात गेलेली बाई मी, पण स्वतःच्या घरात मीही तेच केलं जे सगळे करतात. आकडा कमी आहे एवढंच पाहिलं, आकडा वागतो कसा हे पाहिलंच नाही.

आज मला तेवढंच सांगायचं आहे. ‘नेट स्लो आहे’ हे ‘अंगात कसकस आहे’ म्हणण्यासारखं आहे. खोटं नसतं, पण त्यावरून औषध देता येत नाही. वैद्य विचारतो ना, ताप कधी चढतो, कधी उतरतो? तसंच इथे विचारायचं. आकडा एका जागी ठाण मांडून बसलाय की हलतोय? हलत असेल तर कशाबरोबर हलतोय? घड्याळाबरोबर, खोलीबरोबर, की घरातलं कोणी काही अपलोड करायला लागलं की?

त्याआधी एक गैरसमज बाजूला करू, कारण अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात. कंपनी वेग सांगते मेगाबिटमध्ये, आणि फाइल उतरताना ब्राउझर दाखवतो मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० चं कनेक्शन असेल तर डाउनलोडच्या खिडकीत जास्तीत जास्त साडेबारा दिसणार, प्रत्यक्षात अकरा-बाराच्या आसपास. कोणी म्हणालं ‘शंभराचे पैसे देतो आणि बारा मिळतात’, तर त्याचं नेट ठणठणीत आहे.

आता ९४ कडे येते. न हलणारा आकडा दिसला की समजायचं, वाटेत कुठेतरी ठरलेल्या मापाची नळी बसली आहे. गर्दीमुळे अडलेला वेग कधी इतका शिस्तीत वागत नाही. आणि ९४ च का, ९९ का नाही? हा हिशोब मला फार आवडतो. इथरनेटच्या, म्हणजे लॅन केबलच्या, तारेवर डेटा पाकिटांतून जातो. एका पाकिटात १५०० बाइट मावतात. त्या पाकिटावर पत्ता, तपासणीचे आकडे, सुरुवातीची खूण आणि दोन पाकिटांमध्ये सोडायची मोकळी जागा असं सगळं धरून तारेवर १५३८ बाइटांची जागा जाते. पाकिटाच्या आतसुद्धा आयपी आणि टीसीपी हे डेटा पोचवण्याचे नियम आपापला हक्काचा कोपरा घेतात, तेव्हा तुमच्या फाइलच्या वाट्याला सहसा १४४८ बाइट येतात. १४४८ ला १५३८ ने भागा: ०.९४१. म्हणजे १०० मेगाबिटची तार अगदी निर्दोष चालली तरी देणार ९४ च. गिगाबिटची तार याच हिशोबाने साधारण ९४० देते.

म्हणजे माझ्या घरात कुठेतरी १०० मेगाबिटची तार होती. पण राउटर गिगाबिटचा, लॅपटॉप गिगाबिटचा. मग उरली केबल. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, पिळलेल्या चार जोड्या. १०० मेगाबिटला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी जोडी तुटली तर बरीचशी यंत्रं काही न बोलता १०० वर उतरतात. दिवा लागलेला असतो, नेट चालू असतं, कसली चूक म्हणून दाखवत नाहीत. मी टेबल सरकवून केबलच्या टोकाचा जॅक उजेडात धरला. तपकिरी तार पिनेपर्यंत पोचलीच नव्हती, जेमतेम दोन मिलिमीटर आखूड. तो जॅक तारांवर दाबून कोणी बसवला होता? मीच. कंपनीला फोनवर जे जे बोलले होते ते आठवून पुढचा अर्धा तास मी कोणाशी बोलले नाही.

तुम्हाला तार सोलत बसायची गरज नाही. कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’ दिसतो. तिथे १००० च्या जागी १०० दिसलं तर आधी केबल बदलून बघा. जुन्या किंवा अगदी साध्या राउटरांचे पोर्टच १०० चे असतात, तेही याच आकड्यावर अडतात.

हे सगळं तारेने जोडलं असेल तर. वायफायवर घेतलेल्या स्पीड टेस्टवरून कंपनीशी भांडू नका, हरणार तुम्ही. एकदा तरी लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा, बाकीची उपकरणं बंद करा आणि मग मोजा. तारेवर वेग पूर्ण आणि वायफायवर कमी, तर भांडण घरातलंच आहे.

वायफायचा आकडा खोलीबरोबर हलतो. त्याचं कारण फक्त अंतर नाही. वायफायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी सहसा एकच जण बोलू शकतो, बाकीच्यांनी गप्प बसायचं. म्हणून लांबच्या खोलीतला जुना फोन रडतखडत डेटा घेत असतो तेव्हा राउटरशेजारचा नवा लॅपटॉपही ताटकळतो, कारण हळू बोलणारा हवेतला वेळ जास्त खातो. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तर शेजाऱ्यांचीही भर पडते. तिथे चॅनेल बरेच दिसतात, पण एकमेकांवर न चढणारे तीनच, १, ६ आणि ११. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गुणगुणतो. ५ गिगाहर्ट्झवर जागा जास्त आहे, पण तो भिंतींपुढे लवकर हात टेकतो. राउटर कपाटात, टीव्हीमागे किंवा आरशामागे ठेवू नका. घरात वायर दिसू नये म्हणून लोक राउटर लपवतात आणि मग मोठा राउटर विकत आणतात. यावर मी काही बोलत नाही.

घड्याळाबरोबर हलणारा आकडा वेगळी गोष्ट सांगतो. पहाटे पूर्ण, रात्री नऊला निम्मा, तोही तारेवर, तर गर्दी तुमच्या दाराबाहेर आहे. फायबरच्या जीपॉन पद्धतीत एका फायबरवरून येणारे सुमारे २४८८ मेगाबिट ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. ६४ घरांनी एकाच क्षणी पूर्ण ओढलं तर प्रत्येकाला ३९ मेगाबिट मिळतील. तसं होत नाही, बहुतेक जण बहुतेक वेळ काहीच ओढत नसतात, आणि सगळा धंदा त्या भरवशावर चालतो. यात फसवणूक नाही, पण भरवसा किती ताणायचा हे कंपनी ठरवते. इथे राउटर बदलून काही होणार नाही. तीन-चार दिवस ठरावीक वेळी तारेवर मोजा, वेळेसकट लिहून ठेवा आणि तो कागद पुढे करा.

आता माझा आवडता आजार. एरवी सगळं छान, पण फोनमधले फोटो क्लाउडवर चढायला लागले की घरभर नेट मेलं. डाउनलोड का मेलं, वाट तर वेगळी होती? कारण तुमच्याकडे डेटा पोचला की तुमचं यंत्र ‘पोचला’ अशी पोच उलट पाठवतं, आणि ती अपलोडच्याच वाटेने जाते. ती वाट फोटोंनी भरली आणि राउटरने पाकिटं टाकून देण्याऐवजी रांगेत उभी करून ठेवली, की पोच मागे अडकते. पोच आली नाही तर पाठवणारा पुढचा डेटा सोडत नाही. अशा फुगलेल्या रांगांना ‘बफरब्लोट’ हे नाव अमेरिकी प्रोग्रामर जिम गेटीस यांनी दिलं. २०१० मध्ये स्वतःच्या घरून फाइली पाठवताना त्यांना हे लक्षात आलं होतं.

पण रांग फुगेपर्यंत पाठवणारा थांबत का नाही? गर्दी झाली की मागे सरायची शिस्त टीसीपीला कुठून आली त्यामागे एक जुना अपघात आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. अंतर किती? ४०० यार्ड. कागद हातात घेऊन चालत गेलं असतं तर आधी पोचले असते. पाकीट हरवलं की यंत्रं ते पुन्हा पाठवत, त्याने गर्दी वाढे, आणखी हरवत. त्या प्रयोगशाळेतले संशोधक व्हॅन जेकबसन यांनी यावर तोड काढली आणि १९८८ च्या निबंधात ती मांडली: पाकीट हरवलं तर गर्दी आहे असं समजा आणि वेग कमी करा. आजही तुमचं डाउनलोड पाकिटं हरवली की आपण होऊन मागे सरतं. पण राउटर हरवूच देत नसेल, नुसतं साठवत बसला असेल, तर टीसीपीला गर्दी उशिरा कळते. गंमत म्हणजे त्या रांगांवरचा ‘कोडेल’ हा उपायही २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स यांच्यासोबत जेकबसन यांनीच काढला.

तपासणं सोपं आहे. पिंग, म्हणजे एक छोटं पाकीट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणं, चालू ठेवा आणि मोठी फाइल अपलोडला लावा. २० मिलिसेकंदांचा पिंग ५०० वर गेला तर आजार हाच. राउटरमध्ये ‘एसक्यूएम’ किंवा ‘एफक्यू-कोडेल’ अशी रांग आवरणारी सोय असेल तर ती चालू करा आणि अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांवर बांधा. वेग थोडा सोडून दिला तर घर पुन्हा चालतं.

राहिली एकच साइट हळू असणं. स्पीड टेस्ट जवळच्या सर्व्हरशी एकदम अनेक जोडण्या उघडते, तुमची फाइल दुरून एकाच जोडणीवर येते. शिवाय समोरचा सर्व्हर प्रत्येकाला किती द्यायचं ते स्वतः ठरवतो. दुसऱ्या ठिकाणाहून झरझर उतरत असेल तर ही तक्रार सोडून द्या.

प्रश्नांत एकांनी विचारलं, तुमच्या तपकिरी तारेचं पुढे काय झालं? नवा जॅक लावला, आकडा २८० वर गेला. मी खूश. त्याच रात्री नऊला तो १६० वर आला, दुसऱ्या दिवशीही तसाच. ९४ च्या नळीआड ही संध्याकाळची गर्दी कधी दिसलीच नव्हती. म्हणजे कंपनीकडे तक्रार करायला कारण होतंच, फक्त दोन महिने मी भलतीच तक्रार करत होते. या वेळी फोन केला तेव्हा वेळेसकट लिहिलेले आकडे हातात होते, आणि राउटर बंद करून चालू करा असं कोणी म्हणालं नाही.