घास भरवण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

दुपारची वेळ आहे. तुमच्यापैकी कुणी आत्ता मुलाला भरवत बसलं असेल. ज्या घरात सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल आहे, तिथे हे भरवणं तास तास चालतं, तेही दिवसातून तीन-चार वेळा. वरणभात गार होतो, निम्मा सांडतो, लाळेरं भिजून जातं, ठसका लागतो. आई स्वतःचं ताट वाढून घेते तेव्हा तीन वाजून गेलेले असतात. मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. आमच्याकडे पालक येतात ते "मॅडम, हा बोलायला कधी लागेल?" हे विचारायला. मी आधी विचारते, "जेवतो कसा?"

सेरेब्रल पाल्सीत मुलाच्या वाढत्या मेंदूला इजा झालेली असते. कधी जन्माआधी, कधी जन्मताना, कधी जन्मानंतरच्या पहिल्या काळात. त्या इजेमुळे हातपाय ताठ होतात किंवा सैल पडतात, हे सगळ्यांना दिसतं. पण ओठ, जीभ, जबडा, घसा हेही स्नायूंवरच चालतात, आणि बोलायला जे लागतात तेच गिळायलाही लागतात. ओठ मिटत नाहीत, जीभ घास मागे न्यायच्या ऐवजी पुढे ढकलते. असं मूल घास बाहेर काढतं ते हट्टापायी नाही. आणि त्याची आई भरवण्यात कमी पडते म्हणूनही नाही. घराघरांतून हा ठपका त्या बाईवर येतो, तो मला फार लागतो.

एक चार वर्षांचा मुलगा आठवतो. त्याच्या आजी पाय पसरून बसल्या, त्याला मांडीवर आडवं घेतलं, मान दंडावरून मागे टाकली आणि चमच्याने पातळ वरणभात तोंडात सोडू लागल्या. आपल्याकडे तान्ह्यांना बोंडल्याने पाजतात ना, तसंच. "तोंड वर असलं की आपोआप उतरतं," आजी म्हणाल्या. उतरतं खरं, पण कुठे? श्रोतेहो, आहात तिथेच एक करून बघा. मान मागे टाकून छताकडे पाहा आणि आवंढा गिळा. आता हनुवटी किंचित खाली घेऊन गिळा. फरक कळला? मान मागे गेली की श्वासाची वाट उघडी राहते आणि घास तिकडे घसरू शकतो.

आम्ही त्याला खुर्चीत बसवलं. दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या, पायांखाली पाट, कंबर आणि गुडघे काटकोनात, मान सरळ, हनुवटी जराशी खाली. आजी त्याच्यासमोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसल्या. खोलगट स्टीलचा चमचा बदलून चपटा, लहान चमचा घेतला, तोही अर्धाच भरलेला. चमचा जिभेच्या मधोमध टेकवायचा, हलकेच खाली दाबायचा आणि थांबायचं. वरच्या दातांवर घास निपटून काढायचा नाही. आजींचा हात दोनदा घाईने वर गेला. तिसऱ्यांदा त्या थांबल्या. मुलाचा वरचा ओठ थरथरला, हळूहळू खाली आला आणि त्याने चमच्यावरचा घास स्वतः घेतला. आजी चमचा तसाच धरून बसल्या होत्या.

काही मुलं चमचा दातांत करकचून धरतात. तेव्हा ओढू नका. ओढाल तितका जबडा आवळतो. मान थोडी पुढे घ्या, जबडा सैल होईपर्यंत वाट पाहा.

आता वरणभाताविषयी. आपल्याला तो सगळ्यात सोपा वाटतो. पण पातळ वरणात भाताची शितं म्हणजे एकाच घासात दोन गोष्टी, पाणी आणि कण, आणि दोन्ही वेगवेगळ्या वेगाने मागे जातात. या मुलांना ते फार अवघड पडतं. त्यापेक्षा घोटलेलं खिमट, दाट नाचणीचं सत्त्व, चमचा तिरका केला तरी लगेच ओघळणार नाही असं. पाणी तर सगळ्यात अवघड, कारण ते सर्वांत वेगाने पळतं. किती दाट द्यायचं हे मूल पाहूनच ठरतं. पेल्याची एक कड कापली की नाकाला अडत नाही आणि मान मागे टाकावी लागत नाही. फुटाणे, शेंगदाणे, चुरमुरे मात्र नकोतच.

तोंडाच्या व्यायामांविषयी पालक खूप विचारतात. गाल चोळणं, हिरड्यांवर ब्रश फिरवणं, शिट्टी फुंकायला लावणं. सुरुवातीच्या वर्षांत मीही हे महिनोन्‌महिने करून घेतलं. २०१२मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे पुरावे पडताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्यात अशा उपचारांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले आणि ठाम म्हणावा इतका पुरावा निघाला नाही. आज मी तो वेळ बसण्यावर, घासाच्या दाटपणावर आणि प्रत्यक्ष जेवणाच्या सरावावर घालवते. गिळणं बहुतांशी गिळतानाच सुधारतं.

काही खुणा मात्र अंगावर काढू नका. जेवल्यावर आवाज ओला, घुरघुरता येणं. वारंवार छातीत कफ होऊन ताप येणं. वजन न वाढणं. जेवण अर्ध्या तासाच्या फार पुढे लांबणं. आणि ठसका लागत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. काही मुलांना घास श्वासनलिकेत गेला तरी ठसका येतच नाही. अशा वेळी एक्स-रेखाली गिळणं दाखवणारी तपासणी करतात. कधी डॉक्टर पोटात थेट नळी बसवायला सांगतात. ते ऐकून घरात सुतकी शांतता पसरते. पण त्या नळीने मुलाचं वजन वाढू शकतं, जेवणाची धास्ती जाऊ शकते, आणि सुरक्षित असेल तर चवीपुरते घास तोंडानेही देता येतात.

कुठे जायचं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं, म्हणजे मुलांमधल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारी केंद्रं, आहेत, तिथे विचारा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवण दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. नॅशनल ट्रस्ट या दिव्यांगांसाठीच्या केंद्र सरकारी संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यात १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं, त्यात थेरपीचाही खर्च येतो.

पहिल्या भेटीला जाताना घरचा चमचा, वाटी आणि त्या दिवशी शिजवलेलं जेवण डब्यात घेऊन जा. मोबाइलवर मूल जेवतानाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओही काढून ठेवा, अगदी सांडलवंडीसकट. आणि मुलाला पोटभर जेवू घालून आणू नका. आम्हाला त्याला जेवताना बघायचं असतं.