वाहाग्न : बोरूतून आलेलं नाव

(पडदा काळा. एकच आवाज, सावकाश : वाहाग्न. थोडं थांबून पुन्हा : वाहाग्न.)

आर्मेनियातलं हे मुलाचं नाव. लिहिताना 'ग' आणि 'न' यांच्यामध्ये स्वर नाही. बोलताना मात्र तिथे जीभ किंचित अडते आणि एक अर्धा 'अ' निसटतो. म्हणून येरेवानच्या एखाद्या अंगणातून आई पोराला हाक मारते, तेव्हा ऐकू येतं 'वाहागन'. तोच मुलगा बैरुतमधल्या आर्मेनियन घरात जन्मला असता, तर हाक आली असती 'वाहाकन'. अक्षरं तीच आहेत, पण पश्चिम आर्मेनियन बोलीत त्या 'ग'चा उच्चार 'क' होतो. ऑटोमन साम्राज्यात १९१५ साली झालेल्या आर्मेनियनांच्या संहारातून वाचून देशोदेशी पांगलेल्या बहुतेक घरांची बोली ही.

मराठी कानाला या नावात सगळ्यात आधी अग्नी ऐकू येतो. वाह आणि अग्नी, म्हणजे आग वाहून आणणारा. जुन्या काळी काही अभ्यासकांनाही अशीच फोड सुचली होती, आणि तसं सुचण्याला कारण होतं. या नावामागे एक गाणं आहे. ते ऐकलं की आगीशिवाय दुसरं काही डोळ्यांसमोर येतच नाही.

(पहाटेचं सरोवर. पाण्यावर लालसर उजेड. काठाला बोरूचं बेट.)

प्रसववेणा आकाशाला, प्रसववेणा धरतीला,
प्रसववेणा जांभळ्या सागराला.
सागरातल्या त्या वेणांत होता
इवलासा लाल बोरू.
बोरूच्या नळीतून धूर निघाला,
बोरूच्या नळीतून ज्वाळा निघाली,
ज्वाळेतून धावत आला पिंगट पोर.
केस त्याचे आग, दाढी त्याची ज्वाळा,
आणि इवले डोळे, दोन सूर्य.

मूळ आर्मेनियनमध्ये पहिली ओळ अशी आहे : 'येर्कनेर येर्किन, येर्कनेर येर्किर'. येर्कन म्हणजे वेणा, येर्किन म्हणजे आकाश, येर्किर म्हणजे धरती. तिन्ही शब्द एकाच तोंडवळ्याचे आहेत. ओळ म्हणताना श्वास आपोआप तुटत जातो, कळा येत असल्यासारखा. सागराला शब्द आहे 'त्सिरानी'. त्सिरान म्हणजे जर्दाळू, आणि त्सिरानी हा राजवस्त्राचा जांभळट लाल रंगही. भाषांतरात मी एकच रंग ठेवू शकलो. मुळात तिथे पहाटेचे सगळे रंग आहेत.

हे गाणं आपल्यापर्यंत पोचवलं मोव्सेस खोरेनात्सी या इतिहासकाराने. आर्मेनियन परंपरा त्याला पाचव्या शतकातला मानते. तो लिहितो की काही लोक बांबीर नावाच्या वाद्यावर हे गात होते आणि आपण ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. पुढच्या ओळींत वाहाग्न विषापांशी, म्हणजे प्रचंड सर्पांशी लढतो आणि त्यांना जिंकतो, असंही त्याने नोंदवलंय. त्या ओळी मात्र त्याने उतरवून घेतल्या नाहीत. इथे मला दर वेळी चुटपुट लागते. एवढा कान देऊन ऐकणारा माणूस, अजून चार ओळी लिहिल्या असत्या तर!

आता नावाच्या अर्थाकडे येऊ. आग गाण्यात आहे, नावात नाही. नावातला खरा शब्द त्या शेवटच्या 'ग्न'मध्ये दडलाय, आणि तो आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे.

(कोऱ्या कागदावर एकाखाली एक शब्द उमटतात : शत्रुघ्न. कृतघ्न. विघ्न.)

शत्रुघ्न, म्हणजे शत्रूला मारणारा. कृतघ्न, म्हणजे केलेल्या उपकाराचा घात करणारा. हा 'घ्न' आला 'हन्' धातूपासून. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाच्या भाषेत एका देवाचं नाव आहे वेरेथ्रघ्न. 'वेरेथ्र' म्हणजे अडसर, विरोध, आणि तो मोडून काढणारा तो वेरेथ्रघ्न, विजयाचा देव. आपल्या ऋग्वेदात हाच शब्द इंद्राचं बिरुद म्हणून येतो : वृत्रहन्. प्राचीन इराणी भाषांतून हे नाव पश्चिमेकडे सरकत गेलं, पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडी झिजत झिजत आर्मेनियाच्या डोंगरांत पोचलं, आणि तिथे त्याचं झालं वाहाग्न. 'वेरेथ्र'चा नुसता 'वाहा' उरला. 'घ्न' तेवढा टिकला.

वृत्राची गोष्ट आपल्याकडे कुणाला सांगायला नको. पाणी अडवून बसलेला तो अजस्र सर्प, इंद्राचं वज्र, आणि सुटलेल्या नद्या. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या बत्तिसाव्या सूक्तात ती आहे : 'अहन्नहिम्', त्याने सर्पाला मारलं. गंमत अशी की अवेस्तातल्या वेरेथ्रघ्नाने असा कुठला सर्प मारल्याची कथा नाही. तो वारा होतो, बैल होतो, घोडा होतो, पंधरा वर्षांचा तेजस्वी मुलगा होतो, अशी दहा रूपं घेतो, पण सर्पाशी त्याची गाठ पडत नाही. आर्मेनियात मात्र वाहाग्नचं बिरुदच आहे 'विषापाकाघ', सर्पांना उपटून काढणारा. त्या 'विषाप' शब्दाचीही भाषातज्ज्ञ जी फोड करतात, ती आपण डोळे मिटून करू शकतो : विष आणि आप. ज्याचा रस विषारी, तो विषाप.

(उंच माळरान. बर्फ वितळतंय. गवतात आडवा पडलेला लांबट दगड, एका टोकाला माशाचं तोंड.)

हे दगडही विषापच. आर्मेनियाच्या गेघामा आणि आरागात्स या डोंगरांत, झऱ्यांच्या आणि जुन्या पाटांच्या आसपास ते सापडतात. काही माशाच्या आकाराचे, काहींवर बैलाचं सोललेलं कातडं कोरलेलं, काही दोन पुरुष उंचीहून मोठे. १९०९ साली निकोलाय मार आणि याकोव स्मिर्नोव या संशोधकांनी ते पहिल्यांदा नीट तपासले. दगड वाहाग्न या नावापेक्षा कितीतरी जुने आहेत, त्यामुळे त्यांचा आणि त्याचा थेट धागा जोडायचा मोह मी टाळतो. पण डोंगरातलं पाणी, आणि त्या पाण्याजवळ बसलेला विषाप, हे चित्र या लोकांच्या मनात फार खोल गेलेलं आहे, एवढं नक्की.

या नावाची भावंडं सांगायला हवीत, कारण त्यातली काही आपल्या ओळखीची निघतात.

आजच्या तुर्कस्तानात, नेमरूत डोंगराच्या माथ्यावर, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात अंतियोकस राजाने देवांचे प्रचंड पुतळे बसवले. त्यातल्या एकाचं नाव आर्ताग्नेस. हा एक भाऊ.

(सोन्याचं नाणं, अगदी जवळून. उभी आकृती, डोक्यावर पक्षी. कडेला ग्रीक वळणाची अक्षरं.)

हे नाणं कनिष्काचं आहे. मुकुटावर पंख पसरलेला पक्षी आहे, आणि कडेची अक्षरं वाचली की होतं 'ओर्लाग्नो'. हा दुसरा भाऊ. पक्षी हे वेरेथ्रघ्नाच्या दहा रूपांपैकीच एक.

तिसरा भाऊ मुंबईत राहतो. फारसीत वेरेथ्रघ्नाचा झाला बहराम, आणि पारशांच्या तोंडी बेहराम, बैराम. पुण्यात ज्याला सगळे नुसतं 'बी. जे.' म्हणतात, त्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या नावातले बैरामजी जीजीभॉय, नागपूरचं बैरामजी टाउन, यांतला बैराम म्हणजे वाहाग्नच. पारशांचा सर्वांत पवित्र अग्नी तो आतश बेहराम, विजयाचा अग्नी. भारतातल्या आठ आतश बेहरामांपैकी चार मुंबईत आहेत. त्यांतला सर्वांत जुना दादीशेटांचा, १७८३ सालचा. त्याच मुंबईत, फोर्टात, आर्मेनियन व्यापाऱ्यांचं सेंट पीटर चर्चही आहे. एका नावाच्या दोन शाखा, एकमेकींना न ओळखता, चालत जाण्याच्या अंतरावर.

मग आर्मेनियातच हे नाव विरळ का झालं?

(मूशचं मैदान. मुरात नदी. दूरवर डोंगर.)

तारोन प्रांतात, आज पूर्व तुर्कस्तानात असलेल्या मूशजवळ, आश्तिशात नावाचं तीर्थक्षेत्र होतं. आश्तिशात म्हणजे यज्ञांनी भरलेलं ठिकाण. त्यामागचा 'यश्त' आणि आपलं 'यज्' ही एकाच घरची. तिथे तीन देवळं होती : वाहाग्नचं, माता आनाहितचं, आणि वाहाग्नची प्रेयसी आस्तघिक हिचं. परंपरेप्रमाणे ३०१ साली राजा त्रदातने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आगाथांगेलोस या इतिहासकाराच्या ग्रंथात पुढचं वर्णन आहे. बाकीची देवळं पडली, तरी सोन्यारुप्याने भरलेलं वाहाग्नचं देऊळ उभं होतं. मग ग्रिगोर लुसावोरिच, म्हणजे प्रकाश देणारा ग्रिगोर, तिथे आला, देऊळ जमीनदोस्त केलं, आणि त्या जागी चर्च उभारून बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाचे अवशेष ठेवले.

योहानाला आर्मेनियनमध्ये म्हणतात काराबेत, पुढे धावून वर्दी देणारा. मूशजवळच्या सूर्ब काराबेत मठावर त्या मुलखातल्या लोकांची पुढे अपार श्रद्धा जडली. पहिलवान त्याच्याकडे बळ मागायचे, डोंबारी दोरावर चढण्याआधी त्याचं नाव घ्यायचे, गाणारे त्याच्याकडे कला मागायचे. संत योहान आणि कुस्ती यांचा संबंध काय? बळ देणं हे वाहाग्नचं काम होतं. ते काम त्याच जागी चालू राहिलं, फक्त नाव बदललं. आणि बारशाला पोरांची नावंही बदलली : काराबेत, होव्हान्नेस, ग्रिगोर, सार्गिस, हाकोब. देवळातल्या देवाचं नाव घेऊन बाळ चर्चमध्ये कोण नेणार?

तरी नाव पुसलं गेलं नाही, याचं कारण मला फार मोलाचं वाटतं. ४०५ सालच्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स या धर्मगुरूने आर्मेनियन लिपी घडवली. हेतू होता बायबल आपल्या भाषेत आणण्याचा. त्या वेळच्या राजाचं नाव व्रामशापूह. यातला 'व्राम' म्हणजे पुन्हा बहरामच, म्हणजे वाहाग्नचा सख्खा भाऊ राजाच्या नावात बसलेला होता. आणि याच लिपीत एका ख्रिस्ती लेखकाने त्या जुन्या देवाचं गाणं लिहून ठेवलं. मठांमधल्या लेखनिकांनी शतकानुशतकं त्याच्या प्रती केल्या.

(जवळून : चर्मपत्र. शाईत बुडालेलं टोक. हात.)

हे लेखनिक ज्याने लिहायचे तोही बोरूच. मराठीत त्या गवताला आणि लेखणीला आपण एकच शब्द ठेवलाय, म्हणून हे आपल्याला पटकन दिसतं. गाण्यात तो मुलगा बोरूच्या नळीतून धावत आला. शतकांच्या शांततेतूनही तो बोरूच्याच टोकाने बाहेर आला.

एकोणिसाव्या शतकात आर्मेनियन समाजात राष्ट्रभावना जागी झाली, तशी ही जुनी, ख्रिस्तपूर्व नावं लोकांनी पुन्हा मुलांना द्यायला सुरुवात केली. १९१२ साली दानिएल वारुझान या कवीने वाहाग्नला उद्देशून कविता छापली. १९१५च्या ऑगस्टमध्ये त्याला ठार मारलं गेलं, तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. त्याच संहारात मूशचे आर्मेनियन संपवले गेले. सूर्ब काराबेत मठाचे आज अवशेष उरलेत. आश्तिशातच्या मुलखात वाहाग्न म्हणून हाक मारायला कुणी उरलं नाही.

नाव दुसरीकडे गेलं. १९२२ साली आराबकीरला जन्मलेला वाहाग्न दाव्त्यान येरेवानमध्ये मोठा कवी झाला. १९२६ साली इस्तंबूलला जन्मलेल्या वाहाकन दाद्रियान यांनी पुढे अमेरिकेत आयुष्यभर त्याच संहाराचा अभ्यास केला. आणि मार्च २०२२ पासून आर्मेनियाच्या राष्ट्राध्यक्षपदावर आहेत वाहाग्न खाचातुर्यान. हे पूर्ण नाव एकदा सावकाश वाचावं. खाचातुर म्हणजे क्रुसाने दिलेला. पहिलं नाव पाडलेल्या देवळातल्या देवाचं, आडनाव ते देऊळ पाडणाऱ्या क्रुसाचं. आणि ते नाव घेताना आर्मेनियात कुणी अडखळत नाही.

तरी आजही बारशाला पहिली पसंती दावित, नारेक, हायक यांनाच मिळते. वाहाग्न ओळखीचा आहे, सगळ्यांना ठाऊक आहे, पण वर्गात एखादाच सापडेल असा.

(रात्र. तेच माळरान. वर आकाशगंगा.)

एक गोष्ट राहिली. सातव्या शतकातल्या आनानिया शिराकात्सी या विद्वानाने ती लिहून ठेवलीय. एका कडक हिवाळ्यात वाहाग्नने असुरांचा पूर्वज बार्शाम याच्याकडचा भुसा चोरला आणि तो आभाळात पळाला. हे असुर म्हणजे असिरियाचे लोक. पळताना भुशाच्या काड्या वाटभर सांडल्या. आर्मेनियनमध्ये आकाशगंगेला आजही म्हणतात 'हार्दागोघी चानापार्ह', भुसाचोराची वाट. चोराचं नाव त्यात नाही.

हिंदी-उर्दू गाण्यांमधून आपण कहकशाँ हा शब्द कितीदा ऐकलाय. काह म्हणजे भुसा. कशाँ म्हणजे ओढत नेणारा.

(आकाश. आवाज नाही.)