अंधारात मोजलेल्या एक लाख ठिणग्या

(पडदा काळा. आवाज नाही.)

डोळे ताणू नका. जरा वेळ जाऊ द्या.

आता दिसतंय? काळ्यावर एक फिकट हिरवट ठिपका उमटला आणि गेला. डावीकडे आणखी एक. काजवा निदान रेंगाळतो तरी, ही ठिणगी नीट बघेपर्यंत विझलेली असते.

हे चित्रण स्पिंथॅरिस्कोपमधून केलंय. नाव अवघड असलं तरी वस्तू साधी आहे. अंगठ्याएवढी नळी, एका टोकाला भिंग, दुसऱ्या टोकाला झिंक सल्फाइडचा पडदा आणि त्याच्यासमोर किरणोत्सारी खनिजाचा बारीकसा कण. त्या खनिजातला एक अणू फुटतो, त्यातून एक अल्फा कण, म्हणजे धन प्रभाराचा एक वेगवान तुकडा, सुटतो, पडद्यावर आदळतो आणि ठिणगी पडते. एका अणूची एक ठिणगी, तीही नुसत्या डोळ्यांना दिसणारी. 1903 मध्ये विल्यम क्रुक्स यांनी ही नळी बनवली, तेव्हा अणू खरोखर असतात की नाहीत यावरच बडेबडे शास्त्रज्ञ वाद घालत होते.

आमच्या कॅमेऱ्यानं यातलं फार थोडं टिपलं. अर्धा तास मिट्ट काळोखात बसून भिंगाला डोळा लावला, तर याहून कितीतरी जास्त दिसतं. आम्ही तसे बसलो होतो. पहिली दहा मिनिटं काहीच दिसत नाही, आणि मग सगळा पडदा नुसता लुकलुकत असतो.

(मँचेस्टर. कूपलँड स्ट्रीट. सकाळ.)

ही मँचेस्टर विद्यापीठाची जुनी भौतिकशास्त्र प्रयोगशाळा. 1907 मध्ये अर्नेस्ट रदरफर्ड इथे प्राध्यापक म्हणून आले. जन्म न्यूझीलंडचा, आधीची नोकरी कॅनडातली. इथे त्यांना हान्स गायगर हे तरुण जर्मन साहाय्यक आयते मिळाले. आणि अर्नेस्ट मार्सडेन नावाचा एक विद्यार्थी होता, लँकेशायरचाच, वय वीस, पदवीही अजून हातात नव्हती.

सोन्याच्या वर्खावर अल्फा कण सोडून अणूच्या आत काय आहे ते शोधणारा प्रयोग इथे झाला. पाठ्यपुस्तकात या प्रयोगाला रदरफर्ड यांचं नाव आहे आणि ते योग्यच आहे, विचार त्यांचाच होता. पण ठिणग्या मोजल्या त्या या दोघांनी. रदरफर्ड यांना ते काम जमत नसे. दोन मिनिटांत वैतागून आपण उठलो आणि गायगर मात्र रात्रभर शांतपणे मोजू शकतात, असं त्यांनी स्वतःच एका पत्रात लिहून ठेवलंय.

(हातमोज्यातली बोटं. चिमटा. सोन्याचा वर्ख.)

मिठाईवर चांदीचा वर्ख लावताना तुम्ही पाहिलं असेल. हा सोन्याचा आहे. बघा, चिमटा जवळ नेला तरी तो आपणहून हलतो. खोलीतला पंखा बंद केला होता, तरी पहिले तीन वर्ख आमच्या हातून फाटले. रदरफर्ड यांच्या लेखात ज्या वर्खाचा हिशेब आहे त्याची जाडी 0.0004 मिलिमीटर. असे अडीच हजार वर्ख एकावर एक रचले तर कुठे एक मिलिमीटर होतो. तरीसुद्धा या जाडीत सोन्याचे हजाराहून जास्त अणू एकामागे एक उभे असतात.

त्यावर अल्फा कण सोडायचे, सेकंदाला जवळपास 20,000 किलोमीटर वेगाचे. त्या काळी अणूचं चित्र जे. जे. थॉमसन यांचं होतं. कलिंगडाच्या गरासारखा पसरलेला धन प्रभार आणि त्यात बियांसारखे रुतलेले इलेक्ट्रॉन. अशा मऊ अणूतून अल्फा कण सरळ पलीकडे जायला हवा, फार तर एखाद-दोन अंश वळून. गायगर यांना तसंच दिसतही होतं.

मग मार्सडेनला काहीतरी काम द्यायचं म्हणून रदरफर्ड यांनी सुचवलं, एखादा कण मोठ्या कोनातून वळतो का ते पाहायला लावा. काही हाती लागेल असं त्यांना स्वतःलाही वाटत नव्हतं.

ही मांडणी आम्ही जुन्या निबंधातल्या आकृतीवरून लाकडात आणि पत्र्यात पुन्हा उभी केली. अर्थातच किरणोत्सारी द्रव्य न वापरता. ही काचेची निमुळती नळी, हिच्यात रेडियममधून निघणारा वायू भरलेला असायचा. नळीचं तोंड धातूच्या पत्र्याकडे वळवलेलं. हा पडदा, त्याच्यामागे सूक्ष्मदर्शक. आणि नळी व पडदा यांच्यामध्ये ही शिशाची जाड पट्टी बघा. या पट्टीमुळे एकही कण सरळ पडद्यावर येऊ शकत नाही. पडद्यावर ठिणगी पडलीच, तर तो कण समोरच्या पत्र्यावरून मागे उसळून आलेला असणार.

मार्सडेननं डोळा लावला. पडद्यावर ठिणग्या होत्या.

म्हणून दोघांनी पत्रे बदलून पाहिले. शिसं, सोनं, प्लॅटिनम, कथील, चांदी, तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम. धातू जितका जड, तितके जास्त कण परत. सोन्याचे वर्ख एकावर एक वाढवत नेले, तशा ठिणग्या वाढल्या आणि एका जाडीनंतर वाढायच्या थांबल्या. म्हणजे कण नुसते पृष्ठभागावरून उडत नव्हते, आत शिरून परतत होते. प्लॅटिनमवर आठ हजारांत साधारण एक कण माघारी येत होता. 1909 मध्ये हे छापून आलं, गायगर आणि मार्सडेन यांच्या नावानं.

(ड्रोन. नांगरलेलं रान, वरून.)

त्या आठ हजारांतल्या एकाचा अर्थ लावायला रदरफर्ड यांना जवळजवळ दोन वर्षं लागली. हे रान सव्वा एकराचं आहे. हा सोन्याचा एक अणू समजा. कॅमेरा खाली आणतोय. अजून खाली. मधोमध ढेकळावर ठेवलेला तो ज्वारीचा दाणा म्हणजे अणूचं केंद्रक. अणूचं जवळजवळ सगळं वजन आणि सगळा धन प्रभार या दाण्यात. बाकी रानात इलेक्ट्रॉनखेरीज काही नाही. बहुतेक अल्फा कण रिकाम्या रानातून निघून जातात. एखादाच नेमका दाण्याच्या वाटेला जातो आणि उलटा फिरतो.

7 मार्च 1911 रोजी मँचेस्टरच्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीत रदरफर्ड यांनी हे सांगितलं. हीच ती संस्था, जिथे 1803 मध्ये जॉन डाल्टन यांनी अणूंच्या वजनांबद्दलचं आपलं काम मांडलं होतं. त्या सभेचं छायाचित्र आमच्याकडे नाही. तिथे हजर असलेल्या जेम्स चॅडविक यांची एक आठवण मात्र आहे. त्याच संध्याकाळी फळांच्या एका व्यापाऱ्यानं केळ्यांच्या मालात सापडलेला साप सभेला दाखवला होता.

(फिरती तबकडी, अंशांच्या खुणा.)

सिद्धान्त मांडून झाला, पण तो तपासायचा तर पुन्हा मोजायला हवं. यावेळी वर्ख आणि नळी स्थिर. सभोवतीची धातूची पेटी सूक्ष्मदर्शकासकट फिरणारी. आतली हवा काढून टाकलेली. एका कोनावर थांबायचं, मोजायचं, पेटी थोडी फिरवायची, पुन्हा मोजायचं. 5 अंशांपासून 150 अंशांपर्यंत. मिनिटाला ठिणग्या फार पडल्या तर डोळा चुकतो, फार कमी पडल्या तर लक्ष भरकटतं. त्यात नळीतला वायू चार दिवसांत निम्म्यावर येतो, त्यामुळे कालच्या आकड्याशी आजचा आकडा जुळवायचा तर रोज नवा हिशेब. प्रयोगशाळेतली वही उघडा म्हटलं की आपल्याकडची मुलं आकृतीचं पान दाखवतात. इथे पानंच्या पानं आकड्यांची आहेत.

1913 च्या निबंधात दोघांनी लिहिलंय, आम्ही एक लाखाहून जास्त ठिणग्या मोजल्या. सगळ्या डोळ्यांनी, अंधारात. आणि आकडे रदरफर्ड यांच्या सूत्राशी जुळले.

(पेटवलेली हायड्रोजनची नळी. प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या जाळीतून दिसणाऱ्या रेषा.)

एक अडचण उरली होती. जुन्या नियमांनुसार केंद्रकाभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन प्रकाश सोडत सोडत सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी वेळात आत कोसळायला हवा. 1912 मध्ये काही महिने इथे येऊन राहिलेल्या नील्स बोर यांनी ती अडचण हाती घेतली. ही लाल रेषा पाहा, ही निळसर हिरवी, आणि या जांभळ्या. मध्ये काहीच नाही. बोर म्हणाले, इलेक्ट्रॉनला ठरावीक पायऱ्यांवरच उभं राहता येतं. पायरी उतरली की ठरावीक रंग. पायऱ्यांचं माप त्यांनी माक्स प्लांक यांच्या 1900 सालच्या पुंजाच्या कल्पनेतून, म्हणजे ऊर्जा ठरावीक मापाच्या तुकड्यांतच दिली-घेतली जाते या कल्पनेतून, घेतलं आणि हायड्रोजनच्या रेषा गणितात बसल्या.

1925-26 मध्ये हायझेनबर्ग आणि श्रोडिंगर यांनी बोर यांच्या कक्षाही मागे टाकल्या, पुंजभौतिकी उभी राहिली. ट्रान्झिस्टर, लेझर, अणुवीज, हिरोशिमा, सगळं त्यानंतरचं.

1914 मध्ये युद्ध पेटलं. गायगर जर्मन तोफखान्यात गेले, मार्सडेन ब्रिटिश सैन्यातून फ्रान्सच्या आघाडीवर. युद्धानंतर मार्सडेन न्यूझीलंडमध्येच स्थिरावले. गायगर यांनी 1928 मध्ये वाल्थर म्युलर यांच्याबरोबर असे कण टिपणारी एक नळी तयार केली, तिला अंधार लागत नाही.

(टेबलावर गॅसबत्तीची जुनी जाळी. गायगर-म्युलर गणक तिच्याजवळ नेला जातो.)

लग्नाच्या वरातीतल्या गॅसबत्तीची ही जाळी. जुन्या जाळ्यांमध्ये किरणोत्सारी थोरियम असायचं.

ऐका.

(टिक. टिक-टिक. टिक.)