ड्रममधला चाफा

(दृश्य : गच्ची, भर दुपार. वरून घेतलेला शॉट.)

26 मे. बारा वाजून गेलेत. नागपुरातल्या या गच्चीवर जरा सावली शोधून बघा. टाकीची दिसत नाही, कठड्याची दिसत नाही. पुरुषभर उंच देवचाफ्याची आहे, पण ती सगळी त्याच्याच ड्रममधल्या मातीवर पडलीय. नागपूर कर्कवृत्ताच्या अलीकडे, 21 अंश अक्षांशाच्या जरा वर. म्हणून सूर्य इथे वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो. जुलैतला तो दिवस ढगांत निघून जातो. मेमधला मात्र नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की दुसऱ्याच दिवशी हजर, पारा 45 च्या आसपास खेळत असताना.

अशा गच्चीवर उंच झाड कशाला हवं असतं? समोरच्या फ्लॅटची खिडकी झाकायला, नाहीतर संध्याकाळी खुर्ची टाकून बसलं तर थोडा आडोसा व्हावा म्हणून. मागणी साधी आहे. घोळ होतो तो नर्सरीत.

(दृश्य : पहाट. नर्सरीच्या फाटकात ट्रक.)

हा ट्रक आंध्रातल्या कडियमहून आलाय. राजमुंद्रीजवळ, गोदावरीच्या खोऱ्यात, गावंच्या गावं रोपवाटिकांवर जगतात आणि तिथून देशभर झाडं जातात. झावळ्या सुतळीने वर आवळलेल्या. ताडपत्री निघते आणि एकेक पाम खाली उतरू लागतो. अरेका, फॉक्सटेल, मध्येच एखादा बिस्मार्क, निळसर करड्या पंख्यांचा. दोघं जण झाड खांद्यावर घेतात, तिसरा पिशवी फाटू नये म्हणून खालून हात लावतो. हे चित्रण थोडं लांबलंय, ठाऊक आहे. पण दिवस उगवताना ट्रकमधून आख्खं रान उतरतंय, त्याला कात्री लावायचा धीर झाला नाही.

गिऱ्हाईक आल्याबरोबर विचारतं, केवढ्याचं? आणि भाव सांगितला जातो फुटांच्या हिशेबाने. चार फुटी, सहा फुटी, आठ फुटी. मुळांबद्दल कुणी विचारत नाही.

हा अरेका बघा. मूळचा मादागास्करचा, दमट हवेतला. गोदावरीच्या खोऱ्यात समुद्र जवळ, हवेत ओल, वर हिरवी जाळी. तिथे तो सुखाने वाढतो. इथे जाळी निघते आणि पश्चिमेच्या भिंतीला उभं केलं की झळा लागायला सुरुवात. पान थंड राहतं ते घाम गाळून. कोरडा वारा ते पाणी ओढून घेतो, आणि कुंडीत कोंबलेली मुळं तेवढं पुरवू शकत नाहीत. शिरांचं शेवटचं टोक पानाच्या कडेला, म्हणून कड आधी करपते. माणूस पाणी आणखी ओततो. करपलेली कड हिरवी होत नाही, खाली मुळं मात्र कुजायला लागतात.

(दृश्य : अरेकाच्या करपलेल्या टोकांचा क्लोजअप.)

बाल्कनीत, पूर्वेच्या कोवळ्या उन्हात, अरेका ठेवा की. खुशाल ठेवा. गच्चीसाठी आम्ही बाजू घेणार ती चाफ्याची, कण्हेरीची आणि बोगनवेलीची.

(दृश्य : ड्रम कापतात.)

झाड आणायच्या आधी त्याचं घर. दोनशे लिटरचा निळा प्लास्टिकचा ड्रम मधोमध कापला की दोन मोठ्या कुंड्या होतात. आधी त्यात काय होतं ते विचारून घ्यायचं. रसायनाचा ड्रम नको. तळाला बोटभर जाडीची सात-आठ भोकं, आणि एक-दोन बाजूलाही, तळापासून दोन इंचांवर, कारण सपाट स्लॅबवर तळाची भोकं बसून जातात. खाली तीन विटा. मग बाहेरून चुना. चुना शोभेसाठी लावत नाहीत. उन्हात गडद रंगाचं प्लास्टिक तापतं, आणि मुळं नेमकी कडेलाच दाटलेली असतात. दुपारनंतरचं ऊन ज्या अंगावर येतं, त्या बाजूची मुळं सर्वांत आधी मरतात. चुन्यावरून ओला बारदाना गुंडाळला तर आणखी बरं.

आता माती. नागपूरची काळी माती शेताला सोनं, ड्रममध्ये नुसती भरली तर डोकेदुखी. हे बघा, एकाच जागी कॅमेरा लावून घेतलेलं चित्रण. ओली असताना फुगलेली, वाळली की आक्रसते आणि ड्रमच्या भिंतीपासून सुटते. भिंत आणि माती यांच्यात बोट जाईल एवढी फट. वरून बादलीभर पाणी घाला, ते फटीतून सरळ खाली, आणि मधला गोळा कोरडाच. म्हणून इथले माळी काळ्या मातीत कन्हान नदीची रेती मिसळतात, कुजलेलं शेणखत घालतात आणि धानाचा तूस. तुसाने माती मोकळी राहते आणि वजनही उतरतं. प्रत्येकाचं प्रमाण वेगळं. या गच्चीवर एक घमेलं माती, एक रेती, एक शेणखत आणि एक तूस, असं भरलंय. वर चार बोटं तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, थर, म्हणजे पृष्ठभाग तापत नाही.

(दृश्य : चाफ्याची फांदी कापताना. चीक ओघळतो.)

चाफा विकत घ्यायची तशी गरजच नाही. शेजाऱ्याकडून हात-दीड हात लांबीची जून फांदी मागून आणा. पांढरा चीक ओघळू द्या. ती फांदी सावलीत आठवडाभर आडवी ठेवा, कापलेलं तोंड सुकून बंद होईपर्यंत. ओली लावली तर कुजते. मग वीतभर मातीत, एका काडीला बांधून. पानं फुटेपर्यंत पाणी बेतानेच.

या झाडाचं सगळं गणित त्याच्या जाड खोडात आहे. पाणी तिथे साठतं. ताण पडला की ते पानं टाकून देतं आणि उघडं उभं राहतं, पाण्याचा खर्च बंद. मेमध्ये, जेव्हा गच्चीवरची बाकी झाडं मान टाकतात, तेव्हा याला फुलं असतात. तुम्ही बघताय ती.

बोगनवेल. दक्षिण अमेरिकेची. फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हीलच्या 1766 ते 1769 च्या पृथ्वीप्रदक्षिणेत कॉमर्सन नावाच्या वनस्पतितज्ज्ञाने ती रिओ द जानेरोला टिपली. रंग दिसतो तो पाकळ्यांचा नाहीच. ती रंगीत पानं आहेत, फूल म्हणजे मधली ती इवलीशी पांढरी नळी. कुंडीत मुळं आवळली, पाणी थोडं कमी पडलं, की ही जास्त बहरते. लाड केले तर नुसती पानं. उंच हवी तर एकच दांडा ठेवायचा, बांबूला बांधून वर न्यायचा आणि बाजूचे फुटवे काढत राहायचे.

(दृश्य : महामार्गाचा दुभाजक. चालत्या गाडीतून.)

आणि कण्हेर. महामार्गाच्या दुभाजकात कढत डांबर, धूर आणि टँकरचं कधीतरी मिळणारं पाणी यांवर ती गुलाबी उभी आहे. गच्ची तिला त्या मानाने सोयीचीच. पान चामड्यासारखं, श्वासरंध्रं पानाखालच्या खळग्यांत दडलेली, म्हणून कोरड्या वाऱ्याला ती सहज दाद देत नाही. दाट आडोसा हवा असेल तर दोन ड्रम शेजारी ठेवून कण्हेरच लावा. पिवळा टिकोमा आणि शंकासुरही चालतात, फक्त छाटणीला आळस करायचा नाही.

कण्हेरीचं पान, फूल, काडी, सगळंच विषारी. घरात रांगतं मूल किंवा गाय-बकरी असेल तर ती नकोच.

लावणीला मुहूर्त एकच, मृगाचा. पहिला चांगला पाऊस झाला की लावा, म्हणजे पुढच्या मेपर्यंत मुळांना अकरा महिने मिळतात. फेब्रुवारीत आठ फुटी झाड आणून ठेवणाऱ्याला तीन महिनेसुद्धा मिळत नाहीत. झाड तीन फुटीच घ्या, बुंधा जाड बघून. पिशवीच्या भोकातून मुळांचं वेटोळं बाहेर आलं असेल तर ते परत ठेवा. उंची गच्चीवरच येऊ द्या.

वजनाचं थोडक्यात. अर्धा ड्रम ओल्या मातीने भरला की सहज दीडशे किलोच्या आसपास जातो, आणि वावरायच्या गच्चीचा स्लॅब साधारण चौरस मीटरला तेवढ्याच भाराच्या हिशेबाने धरलेला असतो. तेव्हा ड्रम बीमवर, कडेला, कठड्याजवळ, मधोमध नको. इमारत जुनी असेल तर आधी इंजिनीयरला दाखवा. वळवाच्या वाऱ्यासाठी बुंधा कठड्याला दोरीने बांधा.

आणि ड्रम रिकामा असतानाच जागेवर ठेवा. भरल्यावर तो चौघांनाही हलत नाही.