गाडाभर भात कोणी खाल्ला?

(दृश्य: लग्नाची पंगत. केळीची पानं, मठ्ठ्याची वाटी, जिलब्यांचं ताट.)

वाढपी तिसऱ्यांदा त्याच पानाशी थांबलाय. पानावरचे काका मान हलवून नको म्हणतात, पण पानावर आडवा हात काही धरत नाहीत. वाढप्याला एवढं पुरतं. चार जिलब्या पडतात. समोरच्या ओळीतून कुणीतरी शेजाऱ्याच्या कानाला लागतं, "बकासुर आहे नुसता!"

खाणाऱ्याला नावं ठेवताना मराठी माणूस हात आखडता घेत नाही. खादाड, हावरट, अधाशी, बुभुक्षित. यातला बुभुक्षित बिचारा संस्कृतात साधा भुकेला होता, ज्याला खाण्याची इच्छा झालीय असा. मराठीत आला आणि शिवी झाला. खादाडचं उलटं झालं. एकेकाळी पाहुण्यांसमोर खादाड म्हटलं की पोर रडायचं, आता लोक कौतुकानं स्वतःलाच खादाड म्हणवून घेतात आणि खादाडीचे फोटो टाकतात. बकासुराला मात्र असा मान अजून मिळालेला नाही.

(दृश्य: रानातली पायवाट. दूरवरून येणारा गाडा.)

गोष्ट महाभारतातली, आदिपर्वातली. लाक्षागृहातून निसटलेले पांडव ब्राह्मणांच्या वेषात एकचक्रा नगरीत राहतायत. जवळच्या रानात बक नावाचा राक्षस आहे. नगरानं त्याला रोजचं ठरवून दिलंय: गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन येणारा माणूस. घरोघरी पाळी लागते.

मूळ श्लोकात या गाडाभर अन्नाला शब्द वापरलाय 'वेतन'. म्हणजे पगार! कारण तिथला राजा दुबळा आहे आणि परचक्रापासून नगराची राखण हा बकच करतो. राखणदार आणि त्याचा पगार, असा सरळ हिशोब. फक्त पगार घेऊन येणाराही पगारातच धरलेला.

पांडव ज्या घरी उतरलेत त्या घराची पाळी येते. कुंती म्हणते, माझा मुलगा जाईल. भीम जातो.

आता नीट बघा. भीम रानात पोचतो, बकाला नावानं हाक मारतो आणि त्याची वाट न बघता त्याच्याच भातावर बसतो. बक येतो. आपलं अन्न आपल्या डोळ्यांदेखत कुणीतरी खातंय. तो ओरडतो. भीम हसतो, तोंड फिरवतो, घास घेतो. बक दोन्ही हातांनी त्याच्या पाठीत दणका घालतो. भीम वळूनही बघत नाही. बक झाड उपटून अंगावर येतो. भीम सावकाश उरलेलं संपवतो, आचवतो आणि मग लढायला उभा राहतो. फेकलेलं झाड डाव्या हातानं झेलतो. शेवटी गुडघ्यावर धरून बकाला मोडतो.

म्हणजे आख्ख्या प्रसंगात बकाच्या पोटात एक शीतही जात नाही. गाडा रिकामा केला तो भीमानं. नाव मात्र बकाचं झालं!

बरं, भीमाची ही एका दिवसाची चैन नव्हती. एकचक्रेत रोज भिक्षा आली की तिचे दोन भाग व्हायचे. अर्ध्यात चार भाऊ आणि आई. उरलेलं अर्धं एकट्या भीमाचं. त्याचं नावच वृकोदर, लांडग्याच्या पोटाचा. निर्जला एकादशीच्या कथेत तर तो स्वतःच व्यासांपुढे कबुली देतो: वृक नावाचा अग्नी सतत माझ्या पोटात असतो, मला उपास जमायचा नाही. म्हणून वर्षातून एकच, पण पाण्याचा थेंबही न घेता करायचा उपास त्याला सांगितला गेला. ज्येष्ठातली ती भीमसेनी एकादशी.

पोटातला हा अग्नी वैद्यांच्याही ओळखीचा. जठराग्नी भडकून खाल्लेलं भस्म होतं, म्हणून तो भस्मक. आपल्या आजीच्या तोंडी, "भस्म्या झालाय का रे मेल्या?"

बक म्हणजे बगळा. पण महाभारतातला बक काही पक्षी नव्हे. चोचीचा बकासुर निराळा, भागवतातला. त्यानं बाळकृष्णाला गिळलं, घसा भाजला म्हणून ओकून टाकलं आणि कृष्णानं त्याची चोच धरून त्याला उभा चिरला. मराठीच्या बोलण्यात हे दोघे कधीच एकमेकांत मिसळून गेलेत. वर्तमानपत्रांनी त्यात भर घातली. भ्रष्टाचाराचा बकासुर हवा तेव्हा भस्मासुर होतो, आणि महागाईचा भस्मासुर बकासुर.

(दृश्य: पद्मालय. कमळांनी भरलेलं तळं, देवळाची पायरी.)

एकचक्रा आमचीच, असं सांगणारी गावं देशात बरीच. बंगालात बीरभूम जिल्ह्यात एक आहे. आपल्याकडे जळगाव जिल्ह्यातलं एरंडोल. तिथून जवळ पद्मालयाला डाव्या आणि उजव्या सोंडेचे दोन गणपती एकाच गाभाऱ्यात आहेत. त्याच रानात भीमकुंड. भीम आणि बकासुर लढले ते इथंच, असं खानदेशात मानतात. भाविक गणपतीचं दर्शन घेतात, कुंडात डोकावतात आणि डबा सोडून जेवायला बसतात.

(दृश्य: बैलगाडा शर्यत. धुरळा, आरोळ्या.)

डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली आणि महाराष्ट्रात बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्या. त्यानंतर मैदानामैदानातून एका बैलाचं नाव गाजू लागलं. त्याचे व्हिडिओ फिरले, त्याला बघायला गर्दी लोटली. बैलाचं नाव, बकासुर.

गोष्टीत गाड्याचे रेडे बकासुराच्या पोटात जायचे. इथं गाड्याला बकासुरच जुंपलाय.