गरोदरपणातल्या विषाणूंच्या तपासण्या: रिपोर्ट घाबरवण्यासाठी नसतो

नमस्कार. दिवस राहिल्याचं कळलं की पहिल्याच भेटीत डॉक्टर रक्ताच्या तपासण्या लिहून देतात. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर... आणि त्याच चिठ्ठीवर एचआयव्ही आणि एचबीएसएजी. ही दोन नावं वाचून अनेकींच्या पोटात गोळा येतो. डॉक्टरांना माझा संशय आलाय का? अजिबात नाही. या तपासण्या सगळ्याच गरोदर बायकांच्या करतात, कारण हे विषाणू वर्षानुवर्षं अंगात राहिले तरी बाहेरून काहीच कळत नाही. आणि वेळेत कळलं तर बाळाला वाचवता येतं.

एचबीएसएजी ही हिपॅटायटिस बी म्हणजे 'ब' काविळीची तपासणी. मोठ्या माणसाला ही लागण झाली तर बहुतेकांचं शरीर विषाणूला स्वतःच हुसकावून लावतं. तान्ह्या बाळाला ते जमत नाही. जन्माच्या वेळी लागण झालेल्या १०० बाळांपैकी सुमारे ९० जणांच्या यकृतात तो कायमचा ठाण मांडतो, आणि त्यातल्या काहींना मोठेपणी सिरोसिस किंवा यकृताचा कॅन्सर होतो.

पण ही लागण बहुतेक वेळा प्रसूतीच्या वेळी होते, आणि तिथेच आपल्याला संधी मिळते. लसीचा पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत, जितका लवकर तितका चांगला. आई पॉझिटिव्ह असेल तर लसीबरोबर दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन, म्हणजे तयार अँटिबॉडीज. आईच्या रक्तात विषाणू फार जास्त असतील तर तिला गरोदरपणातच विषाणू दाबणाऱ्या टेनोफोविरच्या गोळ्या देतात. एवढं केलं की ती अंगावर खुशाल पाजू शकते. फक्त या कारणासाठी सिझेरियनचीही गरज नसते.

आता एक काम सांगते, ते नक्की करा. रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल तर आठव्या महिन्यातच दवाखान्यात विचारा: रात्री दोन वाजता बाळ झालं, तर इम्युनोग्लोब्युलिन इथे हाताशी असेल का? नसेल तर आधीच मागवून ठेवायला सांगा. आणि तो रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. घाईच्या वेळी कोणी मागची पानं चाळत बसत नाही.

एचआयव्हीचं थोडक्यात. उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के. गोळ्या वेळेवर सुरू झाल्या आणि विषाणू दबले, तर ते १ टक्क्याच्याही खाली येतं. लागण अगदी ताजी असेल तर पहिली तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून जिथे धोका जास्त, तिथे शेवटच्या तिमाहीत ती पुन्हा करतात. नवऱ्याचीही तपासणी व्हायला हवी. सगळा भार तिच्या एकटीवर नको.

रुबेलाची, म्हणजे जर्मन गोवराची, गोष्ट वेगळी. १९४१ साली ऑस्ट्रेलियातले डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांच्या लक्षात आलं, की जन्मतः मोतीबिंदू असलेल्या कितीतरी बाळांच्या आयांना गरोदरपणात रुबेला झाला होता. इथे बघायचं असतं ते आईला संरक्षण आहे का. नसेल तर लस प्रसूतीनंतर घ्यायची. ती जिवंत विषाणूची असते, म्हणून गरोदरपणात देत नाहीत.

आणि आता टॉर्च पॅनल, म्हणजे टोक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो, हर्पिस अशा संसर्गांच्या तपासण्यांचा एकत्र संच. लक्षणं नाहीत, सोनोग्राफीत काही नाही, तरी सरसकट टॉर्च करायला माझा विरोध आहे. रिपोर्टवर दोन प्रकारच्या अँटिबॉडीजच्या दोन ओळी असतात. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे बहुधा जुना संसर्ग किंवा लस. आयजीएम पॉझिटिव्ह दिसलं की घरात रडारड सुरू होते. पण आयजीएम कित्येक महिने रक्तात रेंगाळू शकतं, आणि कधीकधी चुकूनही पॉझिटिव्ह येतं. दोन-तीन आठवड्यांनी दुसरा नमुना, ॲव्हिडिटी तपासणी (संसर्ग जुना की ताजा ते सांगणारी), तज्ज्ञांकडून सोनोग्राफी, हे सगळं झाल्याशिवाय त्या एका ओळीवर गर्भपाताचा विचारही करू नका. कळकळीने सांगते.

टॉर्चमधला 'सी' म्हणजे सायटोमेगॅलो, सीएमव्ही. यामुळे बाळाच्या ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो. याची सरसकट तपासणी बहुतेक देशांत होत नाही, पण काळजी मात्र घेता येते. हा विषाणू लहान मुलांच्या लाळेत आणि लघवीत असतो. तेव्हा घरात दोन-तीन वर्षांचं मूल असेल तर त्याचं उष्टं खाऊ नका, ओठांऐवजी कपाळाची पापी घ्या, आणि लंगोट बदलला की हात साबणाने धुवा. पहिल्या तिमाहीत या विषाणूपासून स्वतःला सगळ्यात जास्त जपा.